तेवढंच बंद करून द्या

लोकरीच्या दुकानात आतल्या अंगाला, खिडकीपाशी एक टेबल होतं. दुपारची आवराआवर झाली की टाकेकाकू तिथे येऊन बसायच्या. दुकान त्यांचं नव्हतं आणि पगारही नव्हता. मालकीणबाई चहा पाजायच्या आणि म्हणायच्या, ‘काकूंच्या पायगुणाने माझे लोकरीचे चार गुंडे जास्त खपतात.’

विणताना जिचं अडेल ती बाई तडक त्या टेबलाशी यायची. टाका सुटून खाली घरंगळला असेल तर काकू क्रोशाची सुई घालून त्याला शिडीवर चढवल्यासारखा एकेक पायरी वर आणायच्या. नवा गुंडा जोडायचा तो कडेला, ओळीच्या मधे नाही. काळी लोकर विणताना मांडीवर पांढरा पंचा टाकायचा, म्हणजे टाके दिसतात. ओळ अर्धी सोडून दार उघडायला उठायचं नाही, मग बाहेर कोणीही असो. आणि सगळ्यात आधी हाताएवढा तुकडा विणून माप बघायचं. ‘त्याचा आळस केलात तर नवऱ्याचा स्वेटर शेवटी उशीला चढवाल,’ असं त्या म्हणायच्या आणि बाया हसायच्या.

काकूंना एकच खोड होती. दुसऱ्याचं चुकलेलं विणकाम समोर आलं की त्यांचे हात शिवशिवायला लागायचे. समोरची बोलत असतानाच त्या तिच्या हातातलं काढून घेत आणि चुकीपर्यंत भराभरा उसवून मोकळ्या होत. बायांना त्याचं कौतुकच होतं, त्यामुळे काकूंनाही त्यात कधी वावगं वाटलं नाही.

समोरच्या कोपऱ्यावर चाव्या बनवणाऱ्याची टपरी होती. सगळे त्याला चावीवाले म्हणत. साठीचा, कमी बोलणारा माणूस. थंडी पडायच्या सुमारास तो एक दिवस पिशवी घेऊन टेबलाशी आला. पिशवीत राखाडी स्वेटर होता. पाठ पूर्ण झालेली, पुढचा भाग निम्म्याच्या वर गेलेला आणि अजून सुईवरच.

“आमच्या हिने विणायला घेतला होता,” तो म्हणाला. “आता पुढे होणार नाही. टाके सुटायला लागलेत, म्हणून आणला. आहे तेवढंच बंद करून द्या.”

“ठेवून जा,” काकू म्हणाल्या. त्यांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे नव्हतंच, ते स्वेटरवर होतं.

तो गेल्यावर त्यांनी पुढचा भाग टेबलावर पसरला. खालची वीण सुरेख, एकसारखी. वर मात्र हात सैल पडत गेला होता. टाके एक मोठा, एक लहान. वेणीची नक्षी एके ठिकाणी उलटी वळली होती आणि त्यानंतर तर ती वळायचीच राहून गेली होती.

“इकडे या सगळ्या,” काकूंनी बायांना हाक मारली. “लक्ष दुसरीकडे ठेवून विणलं की काय होतं ते बघून घ्या. अर्धं विणकाम आणि अर्ध्या गप्पा.”

“सासूशी भांडता भांडता विणला असेल,” त्यांच्यातल्या एक बँकेतल्या बाई म्हणाल्या आणि सगळ्या खो-खो हसल्या. काकूही हसल्या. मग त्यांनी सुई काढली आणि सैल भाग बायांसमोर उसवला. उसवलेली लोकर वेडीवाकडी राहते, म्हणून तिची लडी करून कोमट पाण्यातून काढायची आणि ओझं बांधून वाळत टाकायची, हेही त्याच धड्यात सांगून टाकलं.

नुसतं बंद करून देणं त्यांच्या जिवावर आलं. एवढी चांगली लोकर, निम्म्याहून जास्त झालेलं काम. त्यांनी पुढचा भाग पुरा केला, गळा घातला, बाह्या विणल्या, सगळं जोडलं. घरी सूनबाई म्हणालीसुद्धा, “आई, त्यांनी एवढं सांगितलं होतं का?” काकू म्हणाल्या, “सांगायला कशाला हवं? बघून खूशच होतील.”

चावीवाले आले तेव्हा दुकानात गर्दी होती. काकूंनी स्वेटर उघडून दोन्ही हातांनी उंच धरला. बाया वाहवा करायला लागल्या. चावीवाल्यांनी तो हातात घेतला, टेबलावर ठेवला आणि छातीच्या भागावरून बोटं फिरवू लागले. वरून खाली, परत वर. काहीतरी शोधत असल्यासारखे.

“इथे सैल होतं ना?” त्यांनी विचारलं.

“होतं. सगळं चुकलेलं होतं,” काकू ठसक्यात म्हणाल्या. “उसवून पुन्हा विणलं.”

“त्याच्यावरूनच तर काकूंनी आम्हाला धडा दिला,” बँकेतल्या बाई म्हणाल्या. “कसं विणू नये त्याचा.”

चावीवाले हळूच म्हणाले, “दवाखान्यात विणायची ती. शेवटी शेवटी बोटांत जोर राहिला नव्हता, तरी सुया खाली ठेवेना. कुठल्या दिवशी तिला जास्त त्रास झाला ते मला त्या टाक्यांवरून कळायचं. म्हणून म्हटलं होतं, तेवढंच बंद करून द्या.”

बँकेतल्या बाईंनी मान खाली घातली. काकूंना दुसरंच काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. “लोकर तीच आहे हो. धुऊन घेतली फक्त.”

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं, आपण काय सांगितलं ते. चावीवाल्यांनी स्वेटर नीट घडी करून पिशवीत ठेवला, “तुम्हाला त्रास झाला” म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर काकू दुकानात जाईनात. भाजी आणायलाही कोपरा टाळून मागच्या गल्लीने जात. घरी विणायला घेतलं की कानात ते हसणं यायचं आणि त्यात स्वतःचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. त्या माणसाने ‘आता पुढे होणार नाही’ म्हटलं, तेव्हा आपण नुसतं ‘का हो?’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. सूनबाईला त्यांनी सगळं सांगितलं. तिला वाटलं, त्या समजूत काढून घ्यायला आल्यात. पण तिने समजूत घातली नाही. “जाऊन भेटा त्यांना,” एवढंच म्हणाली.

काकू गेल्या. टपरीपुढे एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “माझं चुकलं. मी विचारलं नाही. आणि त्या टाक्यांवर सगळ्यांबरोबर हसलेही.”

“मीच नीट सांगायला हवं होतं,” चावीवाले कानस पुसत म्हणाले.

“नीटच सांगितलं होतंत तुम्ही. मी ऐकलं नाही.”

ते ‘जाऊ द्या’ म्हणाले नाहीत. काकू परत फिरणार, तोच त्यांनी स्टुलाखालचा डबा ओढला. त्यात मऊ कापडात गुंडाळलेली विणायची सुई होती आणि तिच्यावर टोपीच्या जेमतेम चार बोटं भरतील एवढ्या ओळी. “दवाखान्याच्या पिशवीत तळाशी सापडली. स्वेटर जड व्हायला लागला तेव्हा ही टोपी घेतली असावी. हिचे टाके सुटू नयेत म्हणून काय करायचं?”

काकूंचा हात आपोआप पुढे गेला. चावीवाल्यांनी डबा किंचित मागे घेतला.

“तुम्ही सांगा. मी करतो.”

काकूंनी पिशवीतली सुईदोऱ्याची डबी काढून त्यांच्यापुढे ठेवली. मग हात पदराखाली घेतला. “बोथट सुईत दुहेरी धागा ओवा,” त्या म्हणाल्या. “एकेका टाक्यातून काढा. सगळ्यांतून गेल्याशिवाय मोठी सुई ओढू नका.”

कुलपं उघडणारी ती जाड बोटं लोकरीत अडखळत होती. मधला एक टाका सुटला आणि ओळभर खाली गेला. काकूंनी पदराखाली मूठ आवळली. “त्याला सेफ्टीपिन लावा,” त्या म्हणाल्या, “म्हणजे आणखी खाली जाणार नाही.”

“वर नाही आणायचा?”

“आणता येतो. आणायचा का, ते तुम्ही ठरवा.”

त्यांनी पिन लावली आणि टाका तिथेच राहू दिला. धाग्याची दोन्ही टोकं बांधून त्यांनी टोपी परत कापडात गुंडाळली आणि नवीन गिऱ्हाइकाची चावी हातात घेतली.

काकू पुढे दुकानात जायला लागल्या. अडलेल्या बायांना अजूनही मदत करतात, पण समोरचीने स्वतःहून दिल्याशिवाय विणकामाला हात लावत नाहीत. थंडीत चावीवाले तो राखाडी स्वेटर घालतात, कारण गरम कपडा त्यांच्याकडे तो एकच आहे. अंगाला अगदी मापात बसलाय. नवीन आलेली एखादी बाई खिडकीतून बघून म्हणते, काय सुरेख वीण आहे, कोणी विणलाय? बँकेतल्या बाई अशा वेळी गुंडे निवडायला लागतात. काकू सांगतात, “त्यांच्या बायकोने,” आणि मग खाली बघून म्हणतात, “वरचा भाग मी.”