भास्करने प्यालेलं पाणी

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी धडगावच्या जीपमध्ये सीट भरायची वाट बघत बसलो होतो. साध्या काविळीने धडधाकट आरोग्यसेवक जातो, हे शेजारच्याला पटेना. मला पटलं. आता महिना उलटून गेला...

तो कळसाडीचा, मी शहाद्याचा. नऊ वर्षं आम्ही दोघांनी आरोग्यसेवक म्हणून सातपुड्यातले पाडे जोडीने पालथे घातले. पाणी उकळून प्या, हे मी कंटाळा येईस्तोवर सांगायचो आणि स्वतःची बाटली खांद्यावरून उतरवायचो नाही. पाड्यावर कुणाच्याही घरी गेलं की आधी झऱ्याचं पाणी पुढे येतं. भास्कर ते घटाघटा प्यायचा. मग बायका त्याच्यापाशी सुखदुःखाचं बोलत बसायच्या आणि माझ्याशी रजिस्टरापुरतं. मी अक्षरशः जळायचो. एकदा घाट उतरताना मी त्याला झापलंच.

"आपणच आसं करं ते लोके काय ऐकतीन?"

तो हसला. "आरे, तिन्हा हातनं पानी नही पिधं, ते ती मन्हं काय ऐकी?"

त्याच्या शब्दाखातर बायका पोरांना लसीला आणायच्या हे खरं. पाणी मात्र कोणीच उकळत नव्हतं, ना त्याच्या सांगण्यावरून, ना माझ्या.

दूषित पाण्यातून होणाऱ्या एका काविळीवर, 'हिपॅटायटिस ए'वर, लस मिळते. मी ती खाजगी दवाखान्यात जाऊन घेतली. भास्करलाही सांगितलं. "लिसू, लिसू," म्हणाला, घेतली मात्र नाही. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं... नाही सांगितलं. पडू दे एकदा आजारी, मग कळेल सगळ्यांना बरोबर कोण होतं, असं माझ्या मनात आलं होतं. त्याला तीच कावीळ झाली आणि आठवडाभरात यकृत निकामी झालं.

परवा त्याच्या लाडक्या पाड्यावर एकटाच गेलो. दारातल्या म्हातारीने पेला पुढे केला. पाणी कोमट होतं. मी तिच्याकडे बघत राहिलो, तेव्हा ती मोडक्या मराठीत म्हणाली, "भास्करभाऊ गेला. तवापासून समदे उकळतो."

नऊ वर्षं मी जे घसा फोडून सांगितलं, ते त्याने मरून पटवलं. लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण खरं सांगतो, तिच्या दारात उभा असताना आधी मला त्याचा हेवाच वाटला. मी पेला संपवला आणि आणखी पाणी मागितलं.