मामंजींसमोर सांगायची गोष्ट

आमच्या झरी गावच्या शेतात कापूस वेचत होते आणि पोटात अशी कळ आली, की ओटीतल्या कापसासकट खालीच बसले... पोट काही महिन्यांपासून वाढत होतं. दिवस गेलेत म्हणून अख्खं घर खूश होतं!

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, बैलगाडीत गादी टाकली आणि मला थेट परभणीच्या दवाखान्यात आणलं. सासूबाई हयात नव्हत्या, आणि आमचे हे सेलूच्या जिनिंगमध्ये हंगामाच्या कामात अडकलेले.

डॉक्टर हैदराबादकडचे, दखनी बोलणारे. पोट तपासून म्हणाले, "बच्चा नै है. गाठ है, पानी की."

मामंजी म्हणाले, "सुई टोचून पानी काढता येत न्हाई का साहेब? लेकराचं पोट कशाला फाडायचं?"

डॉक्टरांनी समजावलं. सुईने गाठीतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतेल. गाठ अख्खी काढायची, म्हणजे मोठा काप घ्यावाच लागणार... मी पदराआडून मान हलवली. आमच्या घरात तेव्हा सून सासऱ्यांसमोर तोंड उघडत नसे.

ऑपरेशन छान झालं. नारळाएवढी गाठ निघाली! पण नंतर पोट फुगायला लागलं, टाके ताणले. आतडी सुस्तावली की असं होतं म्हणे. पोटातला वारा खालून सरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही... नर्स ओठांवरून नुसता ओला बोळा फिरवायची.

डॉक्टर राऊंडला आले की वॉर्डभर ऐकू जाईल असं विचारायचे, "बेटी, हवा सरी क्या?" आणि मामंजी माझ्या खाटेलगतच्या खिडकीबाहेर, व्हरांड्यात बसलेले! आधी खरंच सरली नव्हती. मग एका सकाळी सरली... पण मी पदर दातात धरून 'नाही' अशीच मान हलवली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. नर्सला म्हणाले, "पेट फिर खोलना पडेंगा. आजच."

खिडकीतून मामंजींचा कापरा आवाज आला. "साहेब, पुन्हा फाडू नका हो. लय अशक्त हाय लेकरू, झेपायचं न्हाई तिला..."

या माणसाला मी रोज भाकरी वाढत होते, पण एक शब्द कधी बोलले नव्हते. मी तोंडातला पदर काढला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "मामंजी, सरलाय वारा! सकाळीच सरलाय!"

डॉक्टरांनी पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि हसले. "हौ, आतडी बोलने लगी. बहू भी बोलने लगी!"

मामंजी मात्र डोळे पुसत व्हरांड्यातल्या अनोळखी माणसांना सांगत सुटले, "आमच्या सुनेचा वारा सरला हो!" मी लाजेनं अर्धी मेले... आणि मग चमच्याने पाणी मिळालं. तेवढं गोड पाणी मी आजवर प्यायले नाही.

आता अशा बऱ्याच गाठी दुर्बिणीतून, बारीकशा भोकांतून काढतात. माझ्या पोटावर बेंबीखाली सरळ रेघ आहे. ती घेऊन मी तीन लेकरं वाढवली, शेत केलं, सगळं केलं.

आणि मामंजींशी आयुष्यभर भरपूर बोलले. ते म्हातारपणी अंथरुणाला खिळले, तेव्हा कुठं काय दुखतंय, लघवीला काय त्रास होतोय, हे स्वतःच्या मुलाला सांगायला लाजायचे... मला हाक मारून सांगायचे.