मुक्या व्हिडिओचा बोभाटा

"बंद कर रं तो फोन! बंद कर म्हणते न्हवं! आधी बादली धर, मग दाव जगाला माझं वाटोळं!"

शेजारच्या आक्का गटाराच्या पाण्यात गुडघाभर उभ्या राहून ओरडत होत्या, आणि मी उंबऱ्यावर कोरडा उभा राहून त्यांचा व्हिडिओ काढत होतो. हे काम मी हौसेनं करतो. फेसबुकवर माझं पेज आहे, आणि त्याचा बोलबाला असा की चिकोडीच्या बाजारात माझा आवाज ऐकून म्हशीसुद्धा मान वळवतात. लोक मला नागरिक पत्रकार म्हणतात. म्हणजे सुरुवात मी केली, मग काहींनी धरलं.

आमची गल्ली सीमाभागातल्या वडगावातली. दोन्ही बाजूला पॉवरलूम, मधे गटार. हे गटार म्हणजे ऐतिहासिक वास्तू. त्यातल्या तळाच्या गाळानं इंग्रज बघितलेत. वळवाची एक सर आली की ते तुंबतं आणि पाणी थेट आक्कांच्या मागांखाली शिरतं. त्या दिवशी साडीचं सूत गुंडाळलेलं आख्खं बीम भिजलं, एका मागाची मोटर जळाली. पाणी उपसून झाल्यावर आक्का पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आनी एकदा पानी आत आलं की माग भंगारात घालते. लेकीच्या घरी जाऊन भांडी घासीन." एरवी आक्का ओरडतात तेव्हा आम्ही निर्धास्त असतो. हे त्या हळू बोलल्या. म्हणून मी घाबरलो आणि व्हिडिओ टाकला.

व्हिडिओ तुफान चालला. पुण्याच्या एका गृहस्थांनी आमचं गटार तिथल्या तिथं महाराष्ट्रात सामील करून टाकलं. बंगळूरच्या एकानं त्यातला इंचभर गाळही सोडणार नाही अशी शपथ घेतली. तिसऱ्यानं गटारावर फलक कुठल्या भाषेत आहे ते विचारलं. रात्रभर एकमेकांचे पूर्वज काढणं चाललं होतं. त्या गटारावर एवढं प्रेम त्याच्या जन्मात कुणी केलं नसेल. फक्त 'गटार उपसा' असं कुणी एकानंही लिहिलं नाही. गटार कुणाचं हेच ठरलेलं नसताना ते उपसायचं कुणी?

पण गलका झाला म्हटल्यावर आमच्या भागाचे पुढारी आले. पांढरे कपडे, मागं इंजिनियर. मी लगेच लाईव्ह सुरू केलं. पुढाऱ्यांनी माझ्या फोनपुढं तोंड आणून घसा फोडला, "आठवड्यात काम सुरू होनार! माझा शब्द हाय!" मग ते इंजिनियरकडं वळले, त्याच्याशी दोन शब्द पुटपुटले आणि गाडीत बसून गेले. ते काय पुटपुटले ते माझ्या फोनला ऐकू आलं नाही. दोन्ही बाजूचे माग खडखडत होते. मलाही कळलं नाही, कारण मी पडद्यावर उडणारे लाईकचे बदाम बघण्यात गुंग होतो. 'आवाज न्हाय, आवाज न्हाय' म्हणून लोक लिहीत राहिले.

तासाभरात गल्ली उकळायला लागली. त्याचं असं आहे, मागाच्या आवाजात कान काही कामाचे नाहीत. म्हणून आमच्यात पोर चालायच्या आधी ओठ वाचायला शिकतं. नवराबायको मागाच्या दोन टोकांना उभं राहून भांडतात, एक अक्षर ऐकू येत नाही, आणि एकही शिवी वाया जात नाही. शेजारच्या शहापूरच्या एका आजोबांनी तर पाठमोऱ्या माणसाचं बोलणं त्याच्या मानेवरून वाचलं होतं. लोक हे सांगत नाहीत, मीच सांगतो.

तर माझा तो मुका व्हिडिओ घराघरांत वाचला गेला. पुढारी इंजिनियरला कानडीत म्हणाले होते, "मळेगाल मुगीली, आमेले नोडोण." पावसाळा उरकू दे, मग बघू. त्यातलं 'आमेले नोडोण' तर इथल्या कुठल्याही कचेरीची पायरी चढलेला माणूस झोपेतसुद्धा ओळखेल. मी ते वाक्य ठळक अक्षरांत व्हिडिओखाली लिहिली.

दुसऱ्या दिवशी पुढारी इंजिनियरला घेऊन तांबडेलाल होऊन आले. "मी असं म्हनलोच न्हाय! पुरावा काय? आवाज कुठाय आवाज?"

"आवाज कशाला पायजे?" आक्का दारातून म्हणाल्या. "या की आत, साहेब."

आक्कांनी त्या दोघांना मागांच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेल्या आणि सगळे माग चालू करायला लावले. मी फोन धरला. छपराचे पत्रे थरथरायला लागले. आक्कांनी खूण केली, बोला काय बी. पुढारी हसले. मग इंजिनियरच्या कानाशी ओठ नेऊन काहीतरी बोलले.

आक्कांनी हात वर केला. माग थांबले.

"'हिला कुनी चढवलंय तेवढं शोधून काड,'" आक्का म्हणाल्या. "कुनी न्हाय चढवलं, साहेब. पानी चढलंय."

इंजिनियर आपल्या बुटांकडं बघायला लागला. पुढाऱ्यांनी तोंडावर हात ठेवला, पण तोवर शब्द गेलेला होता. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. तेव्हापासून आमच्या भागातले पुढारी तोंडापुढं रुमाल धरून बोलतात. बाहेरच्यांना वाटतं धुळीचा त्रास असेल.

हा व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला. बाहेरगावचे लोक परत भांडले. आक्कांचे ओठ मराठी की कानडी, यावर. वडगाव-शहापूरच्या लोकांनी मात्र काहीच लिहिलं नाही. त्यांनी एवढंच केलं की पुढारी कुठनं गेले की दारात उभं राहायचं आणि त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघायचं. लग्नात, दुकानात, देवळातसुद्धा. देवळात हात जोडताना रुमाल सोडावा लागतो, म्हणून ते देवाला काय मागतात, तेही दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक होऊ लागलं. मतदार पाच वर्षं तोंडाकडं बघत राहणार म्हटल्यावर माणसाची झोप उडते. पाऊस लागायच्या आत फावडी घेऊन माणसं आली आणि सकाळपासनं दुपारपर्यंत गटार उपसून गेली. तळ दिसला. गल्लीतल्या जुन्या माणसांनीसुद्धा तो पहिल्यांदाच बघितला.

मी इतका फुगलो होतो की दारातनं आडवा होऊन बाहेर पडलो. फोन आक्कांच्या पुढं धरला आणि घसा साफ करून विचारलं, "आक्का, एका साध्या मोबाईलमुळं आपल्या गल्लीत लोकशाही बळकट झाली. देशाला दोन शब्द सांगा."

आक्कांनी उंबऱ्यालगतच्या काळ्या ढिगाकडं बघितलं.

"गाळ दारातच टाकून गेल्यात," त्या म्हणाल्या. "पाऊस आला की परत आत."