दाराची पारख

बसस्थानकातला माइक बिघडला की भोंगाबाईंना बोलावणं यायचं. हे नाव कंडक्टरांनी ठेवलेलं, पण बाईंनी ते हौसेने मिरवलं. त्यांनी एकदा आवाज दिला की सुटलेली बससुद्धा थांबायची. पुढे नोकरी संपली, गुडघ्यांनी दगा दिला, बाई पलंगाला खिळल्या. आवाज मात्र खणखणीत राहिला. पाणी हवंय, कूस बदलायचीय, बाथरूमला जायचंय, सगळं त्या एका आवाजाच्या जोरावर चालायचं.

एक दिवस सून लाडात येऊन म्हणाली, "आई, रस्त्याच्या गोंगाटाने जीव नकोसा झालाय. खिडक्यांना दुहेरी काचा बसवून घेऊ. तुम्ही पण चला दुकानात. आवाजातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

बाई हरखल्या. त्यांचं मत कोणी विचारल्याला किती काळ लोटला होता!

दुकानात प्लास्टिकच्या चौकटीची, दुहेरी काचेची एक केबिन नमुन्याला उभी होती. मुलाने व्हीलचेअर आत ढकलली. "आई, होऊन जाऊ दे एक आरोळी!"

पहिल्या दाराला सुनेने नाक मुरडलं. "थोडं येतंय हो ऐकू." मग जाड काचेचं दार लावलं. बाई इरेला पेटल्या, गळ्याच्या शिरा ताणून त्यांनी स्थानकातल्या साऱ्या गाड्या पुकारल्या. बाहेर मुलगा हसला आणि त्याने अंगठा वर केला.

"एक अक्षर नाही आलं बाहेर!" दार उघडत तो म्हणाला.

"मग हेच घ्या," बाईंनी निकाल दिला. "रबर बघा कसं घट्ट बसलंय."

कारागीर आला तो खिडकीकडे फिरकलासुद्धा नाही. बाईंच्या खोलीचं जुनं दार उखडायला लागला.

"अहो, खिडकी इकडे आहे!"

"आजी, ऑर्डर एका दाराचीच आहे."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. तिने नजरही चोरली नाही. तेवढी लाज वाटायला माणूस असावं लागतं.

"काचेचंच आहे ना, आई? दिसत राहाल की आम्हाला."

संध्याकाळी दार लागलं. बाईंना बाथरूमला जायचं होतं. त्यांनी हाक मारली. मग बस थांबवायच्या तशी मारली. चादर ओली झाली तरी त्या ओरडतच होत्या. पलीकडे टीव्ही बघणाऱ्या मुलाचं कधीतरी लक्ष गेलं. आईचं हलणारं तोंड पाहून तो हसला, आणि दुकानात केला होता तसाच त्याने अंगठा वर केला.