तिला सांगा

"माझ्या तोंडाकडं बघून बोला," असं म्हणून काकी हातातलं काम खाली ठेवायच्या. मग समोर कोणीही असो. तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात आम्ही दोघी पॅकिंगला होतो. त्या सुपरवायझर, मी त्यांच्या हाताखाली. नवा मॅनेजर मोबाईलमध्ये डोकं घालून सूचना देऊ लागला, तेव्हा त्यांनी सरळ मशीन बंद केलं. "साहेब, तुमचं ते होऊ द्या. मी थांबते." उत्तरेकडून आलेल्या कामगारांनाही सुटका नव्हती. "भैया, इधर देखके बोलो. मैं क्या दीवार है?" आम्ही हसायचो. वाटायचं, काकींना फार तोरा.

तोरा कसला? त्यांचा नवरा पंचवीसेक वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

कारण ऐकाल तर तुमचाही विश्वास बसणार नाही. मुलगा तान्हा असताना काकींच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. नवरा मनोरच्या बाजाराला गेलेला. त्याची वाट न बघता काकी मुलाला काखेत घेऊन माहेरी गेल्या. परतल्या तेव्हा तो ओटीवर बसला होता. त्यांच्याकडे न बघता आपल्या आईला म्हणाला, "तिला सांग, न विचारता गेली ना, आता माझ्याशी बोलायचं काम नाय." तेव्हापासून सासू निरोप देऊ लागली. पोराला बोलता यायला लागल्यावर पोरगा. "आईला सांग, पाणी दे." आई समोरच उभी असायची, हातात तांब्या घेऊन.

मारत नव्हता ना, पीत नव्हता ना, असं तुम्ही विचाराल. सगळे तेच विचारत. त्या माणसाला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही, पण गावात त्याच्याइतका बोलका माणूस नव्हता. लग्नाच्या मांडवात माईक त्याच्या हातात, भजनात पहिला आवाज त्याचा. गावाला पोट धरून हसवायचा आणि घराच्या पायरीवर मुका व्हायचा. मला त्याच्याइतकाच राग त्याच्या विनोदांना हसणाऱ्यांचा येतो. सगळ्यांना ठाऊक होतं. "स्वभाव हाय एकेकाचा," म्हणायचे आणि पुन्हा माईक त्याच्याच हातात द्यायचे.

मग मुलाचं लग्न झालं. सत्यनारायण आटोपला आणि दुसऱ्या सकाळी त्या माणसाने नव्या सुनेला हाक मारली. "सूनबाई, सासूला सांग, चहात साखर कमी हाय." मुलगी शिकलेली, बोईसरला क्लासमध्ये गणित शिकवणारी. पण घर नवं. ती स्वयंपाकघरात आली आणि खाली बघत म्हणाली, "आई, बाबा म्हणतायत, साखर कमी आहे."

"त्या पोरीचे कान लाल झालेले गं," काकी मला सांगत होत्या. "मी काढली असती आणखी वर्षं. सवय झालेली. पन आता हे हिच्या गळ्यात? उद्या हिच्या पोराच्या?" बोलता बोलता त्यांनी हातातला डबा एवढ्या जोरात आपटला की झाकण टेबलाखाली गेलं.

त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या शेजारची खोली भाड्याने घेतली. समजूत घालायला माणसांची रीघ लागली. भाऊ आला. "या वयात शोभतं का? आता नातवंडं खेळवायची."

"इकडं बघून बोल, दादा. वय माझं गेलं कुठं, ते तुला ठाऊक हाय ना?"

मुलगा आला तो भांडायलाच. "मला गावात तोंड दाखवायला जागा नाय ठेवलीस."

"तू एवढे निरोप आणलेस रे," काकी म्हणाल्या. "एकदा तरी बापाला विचारायचंस, तुमीच का नाय बोलत?"

तो चपला घालून निघून गेला. काकींनी दार लावून घेतलं. भिंतीपलीकडे नळ बराच वेळ चालू होता. मला कळत होतं तो कशासाठी चालू आहे.

काकींनी घटस्फोटाचा अर्ज केला. पालघरला कोर्टात मी त्यांच्याबरोबर गेले होते. समुपदेशक बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि त्याला म्हणाल्या, "तुमच्या मनात जे असेल ते यांना सांगा."

त्याने घसा खाकरला. शर्टाची बाही सारखी केली. मग बाईंकडे बघून म्हणाला, "मॅडम, तिला सांगा, झालं गेलं विसरलो मी. घरी चल म्हणावं."

दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं.

काकी उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला वेगळं काय सांगायचं नाय. तुमी आत्ता ऐकलंत ना, तेच." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा आग्रह केला नाही.

घटस्फोट झाल्यावर काकी इतकं बोलायला लागल्या की कधीकधी मी दार लोटून घ्यायचे. भाजीवालीशी, रिक्षातल्या अनोळखी बाईशी, कुकरशीसुद्धा. सून दर रविवारी यायची. एका रविवारी तिच्यामागून मुलगाही आला. त्याला नाशिकला नोकरी लागली होती. बराच वेळ तो दारातच घुटमळला, मग आत येऊन आईसमोर जमिनीवर बसला. "आई, येशील आमच्याबरोबर? तुला वाटलं तरच." काकींनी लगेच हो म्हटलं नाही. महिनाभर पोराला ताटकळत ठेवलं, आणि मग गेल्या.

त्यांच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. मागच्या महिन्यात तो माणूस माझ्या दारात आला. वाळलेला, हातात चिकूंची पिशवी. "तिला सांगा," पिशवी उंबऱ्यावर ठेवत म्हणाला, "वाडीतले चिकू आणलेत. आणि सांगा, घरात आता कोण नाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फोन लावला आणि त्याच्या हातात कोंबला. "तुम्ही सांगा."

पलीकडून काकींचा खणखणीत आवाज आला. मागे कोणी बाळ रडत होतं. "हॅलो? अगं बोल की." तो फोन कानाला धरून उभा. ओठ हलले. मी वाट पाहिली. खरंच पाहिली.

"हॅलो? आवाज येतो का माझा?"

त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाला, "तुमीच सांगा."

मी फोन घेतला, चिकूंची पिशवी त्याच्या पायाशी सरकवली आणि त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. मग काकींना म्हटलं, "मीच आहे. कशा आहात?"