गरम दगडावरचं मेण

एडिनबराच्या एका बागेत झिम्बाब्वेच्या शोना लोकांच्या दगडी शिल्पांचं प्रदर्शन होतं. मावशी मला तिथे घेऊन गेली. दगडांत तिला काही रस नव्हता. मी रविवारी दिवसभर खोलीत बसते, हे तिला बघवत नव्हतं.

आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मावशी आईची थोरली बहीण, इथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. तिने मला पुण्याहून इकडे आणलं. तेव्हापासून शाळेत, जीपी डॉक्टरकडे, कुणीही 'युअर मम' म्हटलं की मी लगेच दुरुस्त करायचे, 'माय आंट.' मला वाटायचं, तो 'मम' शब्द एकदा मावशीला दिला तर आईकडे काय उरेल?

हिरवळीवर सगळ्या दगडाच्या बायका होत्या. कुणी पोटुशी, कुणी मुलाला पाजणारी. त्या घडवणाऱ्या, झिम्बाब्वेहून आलेल्या बाई पन्नाशीच्या असतील. "खिशातले हात बाहेर काढा," त्या सगळ्यांना इंग्रजीत दटावत होत्या. "दगड चावत नाही."

"पेशंटशी मी असं बोलले असते तर तक्रार आली असती," मावशी माझ्या कानाशी पुटपुटली.

बाईंपुढे एक शिल्प होतं: मान झुकवलेली स्त्री आणि पाठीला बांधलेलं मूल. मुलाचा चेहरा दिसत नव्हता, कापडाखाली नुसता फुगवटा. ते कापड सोडून सगळं राखाडी, धुळकट. बाईंनी त्यावर गॅसची ज्योत फिरवली आणि तापलेल्या दगडाला ब्रशने मेण लावलं. मेण वितळून पसरत गेलं, तसतसा दगड काळाभोर झाला. आधी कपाळ, मग गाल, मग खांदा. तो काळा रंग कुणी वरून दिलेला नव्हता. इतका वेळ तो दगडातच होता. पाठीवरचं कापड मात्र त्यांनी तसंच ठेवलं, छिन्नीच्या घावांसकट, तांबूस आणि खडबडीत.

"ही तुझी आई?" त्यांनी मावशीकडे मान वळवून विचारलं.

"आंट," मी म्हणाले.

"आईची बहीण? मोठी की लहान?"

"मोठी."

"मग आमच्याकडे ही मोठी आई. लहान असती तर छोटी आई."

एरवी मी अनोळखी माणसांना काही विचारत नाही. पण विचारलं, "आणि माझी आई?"

"ती आईच. तिला कोण काढतंय?" म्हणत त्या पुन्हा कामाला लागल्या.

तेवढ्यात प्रदर्शनातली एक मदतनीस मऊ फडकं घेऊन आली. पाहुण्यांना शिल्पाला चकाकी आणून बघता येत होती. "तुझ्या ममला करून बघायचंय का?"

तोंडाशी आलेला शब्द मी गिळला. "हो," मी म्हणाले. "द्या तिला."

मावशीने फडकं घेतलं. मग ट्राउझर्सची पर्वा न करता ओल्या गवतात बसली आणि त्या दगडी स्त्रीचा खांदा हळूहळू पुसू लागली.

"अजून गरम आहे गं," ती म्हणाली. "ये ना इकडे."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.