बाळ बघून या

तुमच्या गल्लीत घाण वास येतो, असं कुणी म्हटलं की टेलरबाईच्या हातातली कात्री तिथेच थांबायची. "कसला वास? वास मागच्या गल्लीत येतो!" गंमत अशी, की मागच्या गल्लीतली माणसं हिच्या गल्लीकडे बोट दाखवायची. मध्ये हाडं उकळून चिकटवायचा सरस करणारा कारखाना, त्याचा धूर दोन्हीकडे सारखाच. पण कबूल करेल तर शपथ!

लेक मात्र तोंडावर बोलणारी. मुलगी झाल्यावर फोनवर म्हणाली, "आई, तू पाठवलेली झबली कितीदा धुतली, तरी वास जात नाही. मी बाळाला तिकडे आणणार नाही."

"माझ्या हातच्या झबल्यांना वास? नाकाचे भारीच चोचले झालेत हिच्या!" टेलरबाई घरभर धुसफुसली. पण नातीसाठी जीव तुटत होता. शेवटी राग गिळून, मशीन झाकून तीच लेकीकडे गेली. नातीला न्हाऊमाखू घालण्यात दोन महिने कसे सरले, कळलंही नाही.

परतताना गल्लीच्या तोंडाशी बसमधून उतरली आणि पदर नाकाला लावून थबकली. अगं बाई, काय मेलंय इथे? काहीच मेलं नव्हतं. घरात शिरून तिने कपाट उघडलं, नातीसाठी शिवून ठेवलेल्या झबल्यांचा गठ्ठा नाकाशी धरला आणि झटकन लांब केला. पोर खरं बोलत होती आणि आपण तिलाच नावं ठेवली! तिला रडू कोसळलं.

डोळे पुसून ती शेजारी धाकट्या जावेकडे धावली. "अगं, जरा श्वास घेऊन बघ!"

जावेने घेतला. "कसला वास, जाऊबाई? मागच्या गल्लीतून येत असेल."

टेलरबाईने कपाळावर हात मारला. त्याहून कहर म्हणजे, आठवडा उलटायच्या आत तिलाही काही जाणवेनासं झालं. आता भांडायचं तरी कशाच्या जोरावर?

मग तिने जावेला गळ घातली, "चार दिवस बाळ बघून ये." जाऊ हौसेने गेली आणि परतली ती नाकाला रुमाल लावूनच. "जाऊबाई, एवढ्या घाणीत राहतो आपण?" तिने जिला सांगितलं तिला पटेना, मग तिलाही धाडली. बघता बघता लेकीचा फोन आला, "आई, अख्खी गल्ली का लोटतेय आमच्याकडे? काल तर मागच्या गल्लीतला न्हावी आला. बाळाला केस तरी कुठे आहेत!"

दोन्ही गल्ल्या मिळून कारखान्यावर गेल्या. मॅनेजर खुर्चीत रेलून म्हणाला, "मी दिवसभर इथेच बसतो. मला तर नाही येत वास."

"साहेब," टेलरबाई म्हणाली, "तुम्हीही बाळ बघून या."

फाटकावर हशा पिकला. मॅनेजर तेवढा हसला नाही. पण माणसं रोज फाटकात ठाण मांडून बसू लागली, तेव्हा कुठे उकळत्या कढयांवर झाकणं आली.

वास गेला का? आता सांगणार कोण! इथलं एकही नाक भरवशाचं उरलं नव्हतं. लेकीलाच बोलावलं. ती बाळाला घेऊन गल्लीच्या तोंडाशी उतरली, तेव्हा न्हाव्यापासून जावेपर्यंत सगळे तिच्या नाकाकडे बघत उभे. लेकीने लांब श्वास घेतला.

"कमी झालाय. पण येतोय अजून."

टेलरबाईचा चेहरा पडला. "मग परत जातेस?"

"राहते की." लेकीने बाळ तिच्या हातात दिलं. "ज्या दिवशी तुमच्यासारखी सवय होऊन मलाही वास येईनासा होईल, त्या दिवशी मात्र निघेन हं."

टेलरबाईने नातीचे मुके घेतले, तिला कडेवर नीट बसवलं आणि जावेला हाक मारली, "चल गं, फाटकावर. अजून येतोय म्हणते ही."